वारा समोरून असेल

३ मार्च, मंगळवार

ठमे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच केराच्या टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता ऑफिसच्या मशीनवर छापून चिकटवलाय. म्हणजे पाच वर्षांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्याची सुरुवातही फसवणुकीने होते.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्याहून जास्त ती कुरकुरते. तू बनवून दिलेला तपकिरी काड्यांचा चष्मा अजून सोडलेला नाही. नंबर कधीचाच बदललाय. पेपर वाचताना हात इतका लांब करते की समोरच्याला वाटावं, त्यालाच वाचायला देतेय. नवीन चष्मा करू म्हटलं की म्हणते, "दिसतंय मला." तुझं नाव मात्र काढत नाही. दुसऱ्या कुणी काढलं तर उठून आत जाते.

लिहायचं कारण असं. आमच्याकडे प्रत्येक उड्डाणाची फाइल पाच वर्षं ठेवतात, मग यंत्रात घालून तिच्या पट्ट्या करतात. त्याआधी ज्याची सही असेल त्याने ती चाळून 'हरकत नाही' असं लिहून द्यायचं. काल रेकॉर्ड रूमच्या कारकुनाने माझ्या टेबलावर गठ्ठा आणून आदळला. "घ्या साहेब, तुमची पापं," म्हणाला. तो सगळ्यांनाच असं म्हणतो. त्या गठ्ठ्यात बाबा गेले त्या गुरुवारची फाइल होती. तुझ्या शहराहून इकडे येणाऱ्या सकाळच्या विमानाची.

ते विमान त्या दिवशी अकरा वीसला सुटलं नव्हतं. कसलासा भाग बदलायचा होता म्हणून एक पाचला सुटलं. तू फोन केलास तेव्हा मला हे नीट माहीत नसावं, किंवा गडबडीत सांगायचं राहून गेलं असावं. डोकं ठिकाणावर नव्हतं गं माझं. तुला कळावं एवढ्यासाठी लिहितोय. बाकी सगळं ठीक.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल.

दादा

१९ मार्च, गुरुवार

ठमे,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक ओळ. 'मी फोन केला तेव्हा कागद तुझ्यासमोर होता की नव्हता?'

होता.

मागच्या पत्रातलं ते 'नसावं' आणि 'राहून गेलं असावं' शुद्ध खोटं होतं. दोन आठवडे मी मनाशी म्हणत होतो की एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. तू लेन्स घासणारी बाई, तुला एवढासा ओरखडाही दिसतो हे मी विसरलो होतो.

आता सगळं सांगतो. विमान निघण्याआधी ते कुठल्या वाटेने जाणार, वारा कुठला, इंधन किती, किती मिनिटांत पोचणार हे काढून सुटणाऱ्या विमानाच्या कॅप्टनकडे कागद पाठवायचा, हे माझं काम. आपल्या दोन विमानतळांमधलं अंतर दोन हजार सहाशे चौदा किलोमीटर. तुझ्याकडून इकडे यायला तीन तास पन्नास मिनिटं, इकडून जायला पंधरा मिनिटं कमी, कारण वारा बहुतेक एकाच दिशेने वाहतो. हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. म्हणून तर तू मला 'वेळापत्रक' म्हणायचीस. "वेळापत्रक, आईचा राग किती वाजता उतरेल?" आणि मी घड्याळात बघून सांगायचो.

त्या सकाळी मी ड्यूटीवर होतो. नऊ चाळीसला हॉस्पिटलमधून आईचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या, आजचाच दिवस आहे. मी तुला निरोप टाकला. लगेच तुझा फोन आला.

तू म्हणालीस, "दादा, अकरा वीसचं मला गाठता येणार नाही. घरून विमानतळच सव्वा तास. दुसरं काही आहे का? काहीही चालेल."

माझ्या डाव्या हाताखाली जो कागद होता त्यावर लिहिलं होतं: सुटण्याची नवी वेळ एक पाच, पोचण्याची चार पंचावन्न, रिकाम्या जागा त्रेचाळीस. उशीर अजून जाहीर झाला नव्हता. वीस मिनिटांनी होणार होता. तोवर तो फक्त सातआठ जणांना ठाऊक होता आणि त्यातला एक मी होतो.

मी म्हणालो, "नाही गं. सरळ विमान आता उद्याच. मध्ये बदलून आलीस तर चौदा तास लागतील. उगाच जिवाचा आटापिटा करू नकोस, पोचणार नाहीस. उद्या ये."

तू "बरं" म्हणालीस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू चार ठिकाणी चौकशी केली असतीस. पण विमानाच्या वेळेत मी चुकत नाही, यावर तुझा विश्वास होता.

कागद सोबत पाठवतोय. फोटो नाही, मूळ कागद. हे नियमात बसत नाही, पण पट्ट्या होण्यापेक्षा तो तुझ्याकडे असलेला बरा. समासात पेन्सिलीने लिहिलंय बघ: 'ठमी ९.५२'. फोन आला की वेळ टिपायची माझी खोड. जीभ खोटं बोलत होती तेव्हा हात खरं लिहीत होता. त्याखाली माझी सही आहे, दहा पाचची. सही करून मी काम दुसऱ्याकडे सोपवलं आणि टॅक्सीने हॉस्पिटलला गेलो.

बाबा संध्याकाळी सात चाळीसला गेले. तू साडेपाचपर्यंत त्यांच्या उशाशी पोचली असतीस. दोन तास तुझे होते. ते मी काढून घेतले.

का, हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. तुला नोकरीसाठी तिकडे जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत बाबांची आंघोळ, गोळ्या, दवाखाना, चिडचिड, सगळं माझ्या वाट्याला. आणि रोज संध्याकाळी ते शाळेने निरोपाला दिलेला पृथ्वीगोल मांडीवर घ्यायचे, तुझ्या शहरावर टाचणी टोचायचे आणि तिथून आपल्या शहरापर्यंत निळा दोरा ताणायचे. "बघ, सगळ्यात जवळची वाट ही अशी असते." हे मला शिकवायचे, ज्याचं पोट त्याच वाटेवर चालतं त्याला! मी समोरच्या खुर्चीत बसलेला असायचो. माझ्यापर्यंत दोरा ताणायची गरजच नव्हती. त्या सकाळी आई फोनवर म्हणाली, "सारखं तिचंच नाव घेतायत रे." तेव्हा मनात आलं, निदान शेवटचा दिवस तरी माझा असू दे.

इतकं पोरकट कारण. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा.

क्षमा मागायला तोंड नाही. पण मागतो.

दादा

२९ मार्च, रविवार

ठमे,

तुझी दुसरी ओळ पहिलीपेक्षा अवघड निघाली. 'बाबांना काय सांगितलंस?'

मला वाटलं होतं, तू शिव्या घालशील. मी त्यांची उत्तरंही तयार ठेवली होती. हे विचारशील असं वाटलं नव्हतं. तीन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. एकदा तर ते शर्टाबरोबर धुवायला गेलं असतं, आईने खिसे तपासले म्हणून वाचलं. तिने न वाचता माझ्या हातात दिलं. अक्षर ओळखलं असणार.

तर ऐक. मी खोलीत शिरलो तेव्हा बाबा जागे होते. आवाज बसलेला, पण डोकं साफ. मला बघून म्हणाले, "ती?" मी म्हणालो, "निघाली." एक वाजून गेल्यावर पुन्हा विचारलं. मी घड्याळ बघून म्हणालो, "विमान सुटलं, बाबा. चार पंचावन्नला उतरेल." खऱ्या विमानाची खरी वेळ. फक्त तू त्यात नव्हतीस.

आईला मी बाहेर बाकावर नेऊन सांगितलं की ठमी जमत नाही म्हणाली, पण बाबांना तसं सांगू नकोस, त्यांना ती येतेय असंच वाटू दे. आई भिंतीकडे बघत राहिली. मग आत येऊन त्यांचा हात धरून म्हणाली, "येतेय हो, येतेय." आईकडून मी हे वदवून घेतलं. तुझ्याबद्दल तिच्या मनात जी अढी बसली ती तिथे, त्या बाकावर बसली, आणि बसवणारा मी.

पाच वाजले. बाबा दाराकडे बघत होते. मी म्हणालो, "धावपट्टी मोकळी नाही, विमान वरच घिरट्या घालतंय. सहा होतील." कामात करतो तसंच चाललं होतं माझं, जुनी वेळ खोडायची आणि नवी द्यायची. सहा वाजता म्हणालो, सामान यायला वेळ लागतोय. साडेसहाला म्हणालो, रस्त्यात गर्दी आहे. नर्सलाही वाटलं खरंच कुणी येतंय. तिने एक खुर्ची आणून उशाशी ठेवली. त्या खुर्चीवर मी बसलो नाही, एवढीच काय ती लाज शिल्लक होती.

सात वाजता बाबांनी माझा हात दाबला. मला वाटलं, आता माझ्यासाठी काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "वारा समोरून असेल रे. या दिवसांत असतोच. तिच्यावर चिडू नकोस."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

म्हणजे शेवटचा दिवस मिळवूनही तो मला मिळाला नाही. दिवसभर आम्ही दोघांनी मिळून तुझीच वाट बघितली. आणि माझ्या प्रत्येक थापेला त्यांनी तुझ्या बाजूने कारण शोधून दिलं. भूगोलाचा मास्तर तो, त्यांना वाऱ्यापेक्षा चांगलं कारण कुठून सुचणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. मामा भरल्या खोलीत म्हणाला, "मिळाली का सवड?" तू त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. एका वाक्याचं काम होतं, 'मामा, मीच तिला येऊ नको म्हणालो.' मी पाण्याचे पेले गोळा करायला लागलो. ट्रेमध्ये अकरा पेले होते. तू संध्याकाळच्याच विमानाने परत गेलीस. त्या विमानाचा कागदही माझ्याच टेबलावर झाला होता. अर्ध्याहून अधिक रिकामं होतं.

एक सांगू का, यातून स्वतःला सोडवायला म्हणून नव्हे. बाबा गेले तेव्हा तू येत नाहीयेस असं त्यांना एका क्षणासाठीही वाटलं नाही. तू वाटेतच होतीस.

दादा

७ एप्रिल, मंगळवार

ठमे,

या वेळी तुझी ओळ आली नाही. नको पाठवूस. मी लिहितो.

आईला सांगितलं. रविवारी सकाळी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी समोर बसून पहिल्या फोनपासून पेल्यांपर्यंत सगळं सांगितलं. ती घड्या करत राहिली. मधे एकदाच म्हणाली, "किती वाजता म्हणालास? उशीर कळला होता तुला ती वेळ?" मी म्हणालो, नऊ बावन्न. तिने मान हलवली. माझं संपल्यावर ढिगातून माझे तेवढे शर्ट बाजूला काढले, माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "तुझे तू कर."

दोन दिवस असेच गेले. जेवण टेबलावर असायचं, झाकलेलं. मी आलो की ती टीव्हीचा आवाज वाढवायची. मामाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "झालं गेलं ते, आता कशाला उकरून काढतोस?" मी म्हटलं, मामा, तुम्ही तिला जे बोललात ते मला बोलायला हवं होतं, आता बोला. तो म्हणाला, "मला काय माहीत रे, तू असा असशील." तेही बोलणंच झालं.

आज सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"तिच्याकडे जायला किती वेळ लागतो?"

"तीन तास पस्तीस मिनिटं."

"खरं सांग."

ठमे, तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी बॅगेतून वेळापत्रकाचं पुस्तक काढून तिच्यासमोर धरलं. तिने हात लांब केला, डोळे बारीक केले, आणि तरी तिला वाचता आलं नाही. मग शेजारच्या बाईंना हाक मारून त्यांच्याकडून वाचून घेतलं. बाई म्हणाल्या, "हो, तीन पस्तीसच लिहिलंय." तेव्हा कुठे पटलं.

"तिकीट काढ. माझं एकटीचं. तू यायचं नाहीस."

"एकटी जमेल? तू कधी विमानात..."

"तुझ्याबरोबर नको मला. आणि तिला फोनबिन करायचा नाही, फोनवर या घरात काय काय झालंय ते कळलं मला. पत्रात लिही. आणि लिही, मला काही तिच्याशी बोलायचं नाहीये. चष्म्याचा नंबर काढायचाय."

तर तसं लिहितोय. मंगळवार, एकवीस एप्रिल. इकडून दुपारी एक दहाला सुटेल, तिकडे चार पंचेचाळीसला उतरेल. ती बाहेर यायला आणखी वीसेक मिनिटं, गुडघ्यांमुळे जास्तच. तुला यायचं नसेल तर तो तुझा हक्क आहे. मी दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढून ठेवणार होतो. आईने ते काढू दिलं नाही.

ही वेळ खरी आहे. असं लिहावं लागतं यातच सगळं आलं, पण लिहितो.

दादा

२१ एप्रिल, मंगळवार

ठमे,

तुझ्याकडून काही आलं नाही. आईने रोज संध्याकाळी मी घरात शिरताना माझ्या हातांकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

आज तिला घेऊन सकाळीच आलो. आमच्या ऑफिसबाहेर बाक आहे, तिथे बसलीय. काल दिवसभर बॅग भरत होती. तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. शेवटी कपडे कमी आणि बाबांचा पृथ्वीगोल जास्त, असा प्रकार झाला. मी म्हटलं, एवढा मोठा गोल कशाला, दोरा ने. तर म्हणाली, "तू मला सामान किती न्यायचं ते शिकवू नकोस." स्टँडवरून काढून, स्वेटरात गुंडाळून घेतलाय. तपासणीवाल्याने यंत्रातून बघून विचारलं, हे काय आहे? आई म्हणाली, "पृथ्वी." मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. ती हसली नाही.

तिच्या विमानाचा कागद मी आत्ता पुरा केला. सही करण्याआधी दोनदा तपासला आणि मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हटलं, तूही एकदा बघ. तो म्हणाला, "तुमचा कागद तपासायचा? आज काय झालंय तुम्हाला?" पण बघितला त्याने. आज वारा पाठीमागून आहे, आणि जोराचा. ज्या वाऱ्याने तुझ्याकडून येणारं विमान अडतं, तोच इकडून जाणाऱ्याला पुढे ढकलतो. अकरा मिनिटं आधी उतरेल.

म्हणजे मी तुला कळवलेली वेळ पुन्हा चुकलीच की! या वेळी उलट्या बाजूने. ती चार चौतीसला पोचेल आणि तू, येणार असशील तर, चार पंचेचाळीसच्या हिशोबाने येशील. फोन उचलून तुला सांगायचं मनात आलं, पण आईने घातलेली अट मोडायची नाही असं ठरवलंय. तिथल्या आमच्या माणसाला तिच्यासाठी दारापाशी खुर्ची ठेवायला सांगितलंय. ती बसणार नाही हे मला माहीत आहे. त्या चष्म्यातून तिला दहा पावलांपलीकडचा चेहराही ओळखू येत नाही, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती बघत राहील. दुपारभर मी इथे काय करणार, कोण जाणे. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघेन, बाबांनी बघितलं असेल तसं. त्यांच्या खोलीतलं घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. ते दिवसभर माझ्या खांद्यावरून बघत होते आणि मला वाटत होतं की माझ्याकडे बघतायत.

हे पत्र टपालात टाकत नाहीये. आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवणार आहे. भेटली तरच दे, नाहीतर तसंच परत आण, असं तिला बजावलंय. ती म्हणाली, "यातही खोटं लिहिलं असशील तर मीच फाडीन." मी उघडं पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. म्हणाली, "तीच वाचून दाखवेल मला."

मघाशी तिला पाणी द्यायला गेलो होतो. बाकावर ताठ बसली होती, गोलाची बॅग मांडीवर. मी सहा वर्षांचा असल्यासारखा समोर उभा राहिलो. शेवटी विचारलंच, "आई, ती आली नाही तर?"

तिने चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा पुसल्या, पुन्हा घातला.

"नाही आली तर समजेन, वारा समोरून असेल."

तू हे वाचत असशील, तर तिला तसं समजावं लागलेलं नाही.

दादा